गावठाण सोडून मोजलेलं आकाश

डोंगरसिंग आडे चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होता, आणि घाटंजी तालुक्यात त्याला शिव्या न दिलेला शेतकरी शोधून सापडला नसता. याचा त्याला अभिमान होता. दोन भावांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, मोजल्यावर एक भाऊ खूश झाला आणि दुसरा चिडला, तर मोजणीवाल्याने कुणाची तरी कोंबडी खाल्ली असं लोक समजतात. डोंगरसिंगने मोजलं की दोघेही चिडायचे, दोघे मिळून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि त्या निमित्ताने का होईना, दहा वर्षांनी एकमेकांशी बोलायचे.

मोजणी पटली नाही तर वरच्या साहेबाकडे अर्ज करून ती पुन्हा करवून घेता येते. खात्यात तिला निमताना म्हणतात. डोंगरसिंगच्या मोजण्यांवर अशा एकोणीस निमताना झाल्या. साहेब आले, छत्रीखाली उभे राहिले, यंत्र लावलं, घाम पुसला आणि एकोणीसही वेळा हद्दीचा दगड होता तिथेच राहिला. निरोप समारंभात साहेबांनी त्याच्याबद्दल बोललेलं एवढं एकच वाक्य खरं होतं. बाकी भाषणात त्यांनी त्याचं आडनावसुद्धा चुकवलं.

निवृत्त झाल्यावर तो तांड्यातल्या घरी राहायला आला आणि तांड्याचे हाल सुरू झाले. त्याने सेवालाल महाराजांचं देऊळ मोजलं आणि ते अडीच अंश तिरपं असल्याचं तांड्याच्या नायकाला ऐकवलं. पोरांचं कबड्डीचं मैदान मोजलं आणि गेल्या तीन वर्षांचे सामने बाद ठरवले. शेवटी शेजारच्या पूनमसिंगची भिंत मोजली आणि ती आपल्या अंगणात चार बोटं आल्याचं जाहीर केलं. पूनमसिंग त्याचा लंगोटीयार. तेव्हापासून तो चहा प्यायला यायचा, पण बसायचा भिंतीच्या पलीकडे, आणि कप वरून घ्यायचा.

"यायले काम पाहा कोनी," डोंगरसिंगची बायको लालीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "नाईतर उद्या माही चूल मोजतीन अन् म्हनतीन, भाकर हद्दीच्या बाहीर गेली."

काम आलं ते पोरीकडून.

जया त्यांची एकुलती एक. पुण्याच्या एका संस्थेत ती दीर्घिकांवर, म्हणजे लांबलांबच्या ताऱ्यांच्या वस्त्यांवर, पीएच.डी. करत होती. तांड्यात हे समजावून सांगणं अवघड होतं.

"पोरगी काय शिकून राह्यली बा?" पूनमसिंगने एकदा भिंतीवरून विचारलं होतं.

"आकाश."

"मंग भविष्य सांगते का?"

"नाई."

"पाऊस?"

"नाई."

"मंग आकाशातलं सांगते तरी काय?"

डोंगरसिंगलाही ते नीट माहीत नव्हतं. त्याने पूनमसिंगचा रिकामा कप परत घेतला आणि विषय भिंतीवर आणला.

दिवाळीत जया घरी आली ती लॅपटॉप घेऊनच. अंगणात वेचणीचा कापूस वाळत पडला होता. त्याच्या कडेला खाट टाकून तिने बापाला समोर बसवलं.

"बापू, काही दीर्घिका अशा असतात, तिथं तारे धडाधड जन्मतात. आपल्या आकाशगंगेत वर्षाला दोन-चार ताऱ्यांचा माल निघते. तिथं शंभर, कुठं दोनशे. त्यातले जे दांडगे तारे असतात ते लवकर मरतात, अन् मरताना फुटतात. एक तारा फुटला तर कधीकधी सगळ्या दीर्घिकेएवढा उजेड पडते. माह्याकडं अशा अडतीस दीर्घिका आहेत. हिशोबानं वर्षाला दहा-पंधरा तरी स्फोट दिसले पाहिजेत."

"मंग?"

"दिसतच नाई."

"फुटत नसतीन."

"फुटतात. पण जिथं तारे बनतात तिथं धूळ राह्यते, बापू. स्फोट त्या धुळीच्या आतमधी होते."

डोंगरसिंगने मान डोलावली. हे त्याला कळलं. हंगामात जिनिंगच्या शेडमध्ये रुईची अशी धूळ उठते की चार हातांवरचा माणूस दिसत नाही. "जिनिंगमधी फटाका फुटला तर फाटकावरच्या चौकीदाराले काय दिसन?" तो म्हणाला. "पन आवाज तं येईन."

"तिथून आवाज नाई येत. ऊब येते. साधा उजेड धुळीत अडकते. पण लाल रंगाच्या खालचा एक उजेड असते, आपल्या डोळ्याला न दिसणारा, तो धुळीतून निसटून येते. आम्ही त्याचे फोटो काढतो. एकेका दीर्घिकेचे तीसतीस. मग नव्या फोटोतून जुना वजा करायचा. जे उरलं ते नवं."

आता मात्र डोंगरसिंग खाटेवर ताठ बसला. जुना नकाशा काचेच्या टेबलावर ठेवायचा, वर नवा ठेवायचा, खालून दिवा लावायचा आणि काय सरकलं ते बघायचं, हेच तर त्याने चौतीस वर्षं केलं होतं.

"अव, हे तं अतिक्रमण झालं."

"तेच. धुळीतलं अतिक्रमण. मशीन बाहेर-बाहेरचं बरोबर पाहते. पण दीर्घिकेच्या मधात इतका उजेड आहे की तिथं ते चुकते, म्हणून मधला भाग त्यानं सोडून दिला. तिथं डोळाच पाहिजे. पुण्याच्या पोरांना दिलतं पाहाले. त्यांनी चारशे तारे शोधून ठेवले."

"मंग झालं की काम."

"चारशे नाई होत, बापू. चमकलं की तारा, असं केलं त्यांनी."

"अन् तू काहून नाई पाहत?"

"माहा डोळा यात चालत नाई."

"चष्मा लागला का?"

"नाई, तसं नाई. सांगन नंतर," असं म्हणून जयाने विषय मोडला. मग तिने खरी गोष्ट सांगितली. वीस मार्चपर्यंत एका मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळण्यासाठी अर्ज करायचा होता. अर्जात एक तरी पक्का ठिपका दाखवावा लागणार होता, इथे काहीतरी फुटलंय असं छातीठोक सांगता येईल असा. तो नसेल तर अर्ज नाही. आणि वर्षअखेरीस तिची शिष्यवृत्ती संपत होती. पुढच्या खेपेपर्यंत ती पुण्यात राहणारच नव्हती. पाच वर्षांच्या कामाखाली 'शोधले, आढळले नाही' एवढं लिहून घरी यावं लागलं असतं.

"एक पाहिजे, बापू. पण खरा पाहिजे."

"खोटा दगड म्या कदी रोवला का?" डोंगरसिंग म्हणाला.

शिकवणी तीन दिवस चालली. एका ठिकाणी ती जवळजवळ मोडलीच. आकाशाच्या नकाशात उत्तर वर असली तरी पूर्व डाव्या हाताला असते, कारण तो नकाशा खालून वर बघून काढलेला असतो. हे ऐकून डोंगरसिंग अर्धा दिवस पोरीशी बोलला नाही. ज्या खात्यात पूर्वेचा पत्ता नाही, त्या खात्यात लोकांना पगार कसा मिळतो, हे त्याने लालीबाईला तीनदा विचारलं.

जया पुण्याला गेली आणि हा कामाला लागला. सकाळी भाकर खाऊन खोलीत बसायचा, दार लोटून घ्यायचा आणि दिवे लागायच्या वेळेला उठायचा. त्याने एक जाड रजिस्टर आणून त्यात खात्याच्या पद्धतीने रकाने आखले. दीर्घिकेला गट नंबर दिला, एक ते अडतीस. फोटोची तारीख, लगतचे धारक, म्हणजे शेजारी कोण ते, आणि शेवटी शेरा. शेऱ्याखाली सही. सही केल्याशिवाय त्याला घास गिळवायचा नाही.

त्रास एकच होता. प्रत्येक चित्राच्या ऐन मधात दीर्घिकेचा पांढराफटक उजेड असायचा आणि तो थेट डोळ्यांत जायचा. पहिला आठवडा डोळ्यांतून पाणी आलं. आठव्या दिवशी त्याने लालीबाईच्या पाकिटातली एक मोठी काळी टिकली काढली आणि पडद्यावर बरोबर मधोमध चिकटवली. चित्र बदललं तरी दीर्घिका मधातच असायची, त्यामुळे टिकली एकदा लावली की काम झालं. डोळ्यांना फार आराम पडला. त्याला त्यात काही वावगंही वाटलं नाही. गावाच्या नकाशात घरं असतात तो मधला भाग म्हणजे गावठाण, आणि ते कोरंच असतं. इंग्रजाला शेतसारा पाहिजे होता. घरात कोण कुणाच्या उरावर बसलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. म्हणून गावठाणाभोवती एक रेघ ओढायची आणि आत मोजणीची साखळी न्यायची नाही, हे डोंगरसिंग नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकला होता. पोरीचं सांगणं कानावर पडलं होतं, पण हात खात्याचे होते.

अशी सगळी थंडी गेली. तूर निघाली, हरभरा निघाला. जया नवी चित्रं पाठवत राहिली आणि हा टिकलीच्या चारी बाजूंनी आकाश मोजत राहिला.

पूनमसिंगची उत्सुकता शिगेला पोहोचली होती. दार लोटून दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या माणसाबद्दल तांड्यात दोन मतं होती, आणि दोन्ही चारचौघांत बोलण्यासारखी नव्हती. शेवटी एक दिवस तो भिंत ओलांडून आत आला.

"काय पाहून राह्यला बे दिवसभर?"

"तारा मेला का पाहून राह्यलो."

पूनमसिंग बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. "टिकली कोनाची?"

"ते कामाचं हाय."

"बरं. तारा मेला, मंग जागा मोकळी झाली?"

"हो."

"वारस कोन?"

"त्याले कोन वारस!"

"मंग सरकारजमा. सरकारच्या कामाले तू फुकट राबून राह्यला," पूनमसिंग म्हणाला आणि आल्या वाटेने भिंतीवरून परत गेला.

चौदा मार्चला सकाळी डोंगरसिंगने शेवटचा शेरा लिहिला, सही केली आणि जयाला फोन लावला. आवाज निरोप समारंभातल्या साहेबासारखा काढला.

"अडतीस गट, अकराशे चाळीस फोटो. पूर्ण झाले. कागद तिरपा बसला असे एकसष्ट. अतिक्रमन एकबी नाई."

त्याने रजिस्टर मिटलं.

"आयकू आलं का?"

"एकबी नाई, बापू?"

"नाई. जे नाई ते नाई."

फोन कटला असं वाटून त्याने तो कानापासून दूर धरून पाहिला. मग जया म्हणाली, "बरं, बापू. जेवले का?" आणि दोन इकडच्या-तिकडच्या गोष्टी बोलून तिने फोन ठेवला.

लालीबाई दारात उभी होती. "रडली का पोरगी?"

"रडाले काय झालं? जेवले का म्हने."

"सकाळच्या नऊ वाजता जेवले का म्हनते, अन् म्हने रडाले काय झालं." ती आत आली. "अव, देऊन टाका नं एखांदा! मोठं आकाश हाय. एका टिपक्यानं कोनाच्या बापाचं काय जाते?"

"खोटा देऊ?"

"लोकायचे धुरे हातहात सरकवले, पोरीसाठी एक टिपका नाई सरकवत!"

हे मात्र डोंगरसिंगला लागलं. त्याने कधी कुणाचा धुरा बोटभरही सरकवला नव्हता आणि हे लालीबाईइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सरकवला असता तर घरावर अजून टिन नसतं. तो दिवसभर जेवला नाही. लालीबाईनेही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती घाटंजीच्या बाजाराला निघाली. लुगडं नेसून झालं, केस झाले, आणि टिकलीचं पाकीट रिकामं निघालं. तिला खोलीतली टिकली आठवली. ती तडक आत आली. डोंगरसिंग नुसताच बसला होता, समोर सतरा नंबरची दीर्घिका उघडी. लालीबाईने पडद्यावरची टिकली नखाने काढली, पदराने पुसली आणि कपाळाला लावली.

"अव अव, काय करते!"

"माही हाय." मग तिने वाकून पाहिलं. "इथं काय झाकून ठेवलतं? इतका उजेड?"

"गावठान हाय ते."

"म्हंजे?"

"म्हंजे तारे तिथंच दाटीनं राह्यतात. जन्मनं-मरनं सगळं तिथंच."

"अन् तुमी पाह्यलं कुठं?"

"भोवतालून."

लालीबाईने कमरेवर हात ठेवले. "म्हंजे मयत घरात झाली, अन् तुमी चार महिने वावरात पाहून राह्यले?"

आणि ती बाजाराला निघून गेली. कपाळावर ती टिकली होती, तिच्यामागे चार महिने अडतीस दीर्घिकांचं काळीज लपलं होतं, आणि तिला त्याचं काही नव्हतं. वांगी कशी दिली हे तिला विचारायचं होतं.

डोंगरसिंग तसाच बसून राहिला. त्याला दिवाळीतलं जयाचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. मधात मशीन चुकते. तिथं डोळाच पाहिजे. आणि आणखी एक गोष्ट आठवली, जी त्याने कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती. गावाचा नकाशा त्याने नोकरीत दोनदा नव्याने काढला होता. त्या नकाशावर त्याचा स्वतःचा तांडा कुठेच नव्हता. गावठाणातही नव्हता. जिथे तो जन्मला, जिथे त्याच्या याडीने, आईने, शेवटचा श्वास घेतला, जिथे आत्ता पूनमसिंगची भिंत चार बोटं पुढे आली होती, तिथे नकाशात कोरी जागा होती आणि वर बारीक अक्षरात 'गायरान' लिहिलेलं होतं. दोन्ही वेळा ते अक्षर त्याने स्वतःच काढलं होतं. वळणदार. साहेबांनी कौतुकही केलं होतं.

जयाला लगेच फोन करावा असं त्याला वाटलं. पण काय सांगणार? खात्यात तोंडी सांगण्याला किंमत नसते. आधी मोजणी, मग बोलणं. पाच दिवस होते. त्याने पहिली दीर्घिका उघडली.

टिकलीखालचा भाग म्हणजे खरंच गावठाण होतं. कुणाचं काय कुणात गेलंय याचा पत्ता लागत नव्हता. झगझगीत उजेडातून झगझगीत उजेड वजा केला की काळ्या-पांढऱ्या लाटा उरत होत्या. पुण्याच्या पोरांना यात चारशे तारे दिसले यात नवल नव्हतं. चार हजार दिसले असते तरी चाललं असतं. पण दोन नकाशे एकमेकांवर ठेवताना कागद जरा तिरपा बसला की काय होतं ते डोंगरसिंग पाठ जाणून होता. मग प्रत्येक धुऱ्याच्या एका अंगाला पांढरं दिसतं आणि समोरच्या अंगाला तेवढंच काळं. सगळंच एका बाजूला सरकलं असेल तर दोष कागदाचा. बाकी सगळं जागेवर असून एकट्यानेच पाय पसरले असतील तर दोष माणसाचा. आणि माणसाने एकदा पाय पसरले की तो पुढच्या मोजणीलाही तिथेच सापडतो.

तो जोडी नसलेलं पांढरं शोधू लागला. पुढच्या चित्रांतही त्याच जागी राहणारं आणि हळूहळू विझत जाणारं. डोळ्यांतून पाणी यायचं, ते पुसून पुन्हा बघायचा. टिकली पुन्हा मागायची त्याची हिंमत नव्हती.

पहिला सापडला तो तीन नंबरच्या गटात, वायव्येला. त्याने लगेच रजिस्टर उघडलं, तर त्याच चित्रांपुढे त्याच्या हाताने 'अतिक्रमण नाही' लिहिलेलं होतं, सात वेळा, सातही ठिकाणी सहीसकट. मग सात नंबर. मग अकरा. सतरा नंबरच्या गटात एक अगदी फिका ठिपका होता, मध्यापासून जेमतेम बोटभर आग्नेयेला, शेवटच्या चार चित्रांत. हा मात्र इतका बावळट दिसत होता की त्याने तो तीन वेगवेगळ्या वेळी पाहिला. सकाळी पाहिला, दुपारी पाहिला, वीज जाऊन आल्यावर पाहिला. त्याच्या विरुद्ध अंगाला काळं नव्हतं. चारही वेळा जागा तीच होती.

एकोणीस मार्चला दुपारी अकराशे चाळीसावं चित्र संपलं. तेरा झाले होते.

आता रजिस्टर. लालीबाईने बाजारातून येताना एक नवं रजिस्टर आणलं होतं. तिने ते न बोलता टेबलावर ठेवलं होतं.

"हे कायले?"

"जुनं खराब झालं नं. स्वच्छ अक्षरात लिहून काढा. कोन पाह्यते?"

ती धुरे सरकवल्याच्या त्या बोलण्याची भरपाई करत होती हे त्याला कळत होतं. त्याने नवं रजिस्टर उघडून पहिलं पान आखलंही. अक्षर सुंदर आलं होतं. तीन नंबरच्या गटापुढे त्याने 'अतिक्रमण आहे' असं लिहिलं, दिवाळीनंतरच्या आठवड्यातली तारीख टाकली आणि सहीला पेन टेकवलं. पेन तिथेच थांबलं. थोड्या वेळाने त्याने टोपण लावलं आणि फोन घेतला.

"जया, लिहून घे. मोजनी चुकली."

"कोणाची?"

"कोनाची म्हंजे? माही. गावठान सोडून देल्लं म्या. टिकली लावून."

"काय लावून?"

"ते तुह्या आईले विचार. तू लिहून घे. तीन नंबर, वायव्येले, शेवटचे सात फोटो."

"हं," जया म्हणाली.

"सात नंबर, पश्चिमेले. तुमच्या पश्चिमेले, माह्या नाई."

"हं."

"अकरा नंबर, उत्तरेले."

"हं."

प्रत्येक ठिपक्याला ती 'हं' म्हणत होती, आणि दर 'हं'ला तिचा आवाज जरा वर चढत होता. सतरा नंबर सांगितल्यावर मात्र 'हं' आलं नाही.

"आयकून राह्यली का?"

"पुढचे सांगा."

त्याने पुढचे नऊ सांगितले. नऊ वेळा 'हं' आलं. "झाले. तेरा."

पलीकडे जया हसत होती की रडत होती हे त्याला समजेना. लहानपणीही दोन्ही सारखंच ऐकू यायचं.

"बापू, रागवाचं नाई."

"बोल."

"यातले बारा म्या पेरले."

"काय पेरले?"

"खोटे तारे. फोटोत. पाहणाऱ्याचा डोळा तपासाले असंच करतात सगळीकडं. बारा पेरले अन् पाहणाऱ्याला दहा दिसले, मंग कळते का खरे किती हुकत असतीन. म्हणून माहा डोळा चालत नोता. मले माहीत होतं कुठं पेरले."

डोंगरसिंग उठून उभा राहिला. "आमच्या खात्यात खोटा दगड रोवला तं पोलीस केस होते, मालूम हाय?"

"मालूम हाय."

"म्हंजे चौदा तारखेले म्या 'एकबी नाई' म्हटलं तवाच तुले मालूम होतं, का म्या बारा-चे-बारा सोडले."

"हो."

"मंग बोलली काहून नाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माहे बारा शोधून थांबले असते." ती म्हणाली. "अन् तुमच्या मोजणीवर निमताना टाकाची माही हिंमत नाई झाली, बापू. चार वेळा फोन उचलला."

डोंगरसिंग खाटेवर बसला. बाहेर लालीबाई भांडी घासत होती, पण भांड्यांचा आवाज मघाच बंद झाला होता. म्हणजे ती ऐकत होती.

"बारा तुहे," तो म्हणाला. "अन् तेरावा?"

"सतरा नंबर." जयाचा आवाज एकदम बारीक झाला. "तो माहा नाई, बापू."

डोंगरसिंगने पडद्यावर सतरा नंबर पुन्हा उघडला. मग जया घाईने बोलू लागली. रजिस्टरचे फोटो आजच पाहिजेत. पहिल्या दिवसापासूनचं पाहिजे. कोणत्या दिवशी काय लिहिलं, कधी बदललं, सगळं जसंच्या तसं लागतं, कारण माणूस कुठे आणि कसा हुकतो तेही अर्जात मांडावं लागतं.

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

डोंगरसिंगने नवं रजिस्टर लालीबाईच्या हातात दिलं. "दुधाच्या हिशोबाले होईन." जुनं उघडलं आणि लाल पेन काढलं. खोडायचं नाही, खरडायचं नाही, वरून चिकटवायचं नाही. चुकीच्या शेऱ्यावर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर दुरुस्ती, बाजूला तारीख, खाली सही. तेरा पानं लाल झाली. एकोणीस निमताना साहेबांनी केल्या आणि दगड हलला नाही. विसाव्या निमतानेत तेरा दगड एकदम हलले, आणि या वेळी साहेबही तो स्वतःच होता.

अर्ज वीस तारखेला दुपारी चार वाजता गेला. पाच वाजता मुदत संपत होती.

एप्रिलच्या शेवटी, उन्हाने टिन तडतडत असताना जयाचा फोन आला. अर्ज मंजूर होऊन मोठ्या दुर्बिणीने सतरा नंबरमध्ये पाहिलं होतं. ठिपका आणखी मंदावला होता, पण आग्नेयेला, बोटभर अंतरावर, होता. "तुमचा दगड जागेवर आहे, बापू," ती म्हणाली. डोंगरसिंगने "बरं" म्हटलं आणि जेवली का म्हणून विचारलं. सकाळचे साडेआठ वाजले होते.

मग त्याने रजिस्टर उघडलं. सतरा नंबरच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात अजून थोडी जागा होती. तिथे लिहिलं: धारक मयत. वारस नाही. जागा अद्याप गरम. सही.

बाहेर अंगणात पूनमसिंग उभा होता. भिंतीच्या अलीकडे. हातात टेप होता, कापड दुकानातून मागून आणलेला.

"लालीबाई सांगत होती, तुही मोजनी चुकते म्हने."

"चुकली एकदा."

"एकदा चुकली त दुसऱ्यांदाबी चुकली असन. भिंतीचंबी होऊन जाऊ दे."

डोंगरसिंगने भिंतीकडे पाहिलं, मग पूनमसिंगकडे, मग दारात उभ्या असलेल्या लालीबाईकडे. तिच्या कपाळावर नवी टिकली होती. तो पायरी उतरला.

"धर ते टोक," तो म्हणाला. "अन् सरळ धर लेका, कापड नाई मोजून राह्यला तू."